शहरातला एआय आणि निविदेची परिशिष्टं

"महापालिकेनं एआय कुठे कुठे लावला आहे?" एवढा एकच प्रश्न घेऊन मी कामाला लागले, तर उत्तर देईल असा विभागच सापडेना. संगणक विभाग म्हणाला, सिग्नल आमच्याकडे येत नाहीत, विद्युत विभागात विचारा. विद्युत विभागानं स्मार्ट सिटी कंपनीकडे बोट दाखवलं. कॅमेरे पालिकेच्या पैशातून बसलेले, पण चित्र बघणार पोलीस. ड्रोननं शहराचे फोटो काढून वाढीव बांधकाम हुडकणारी प्रणाली कर आकारणी विभागाला फक्त 'एजन्सीचं सर्वेक्षण' म्हणून ठाऊक. व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रारी घेणारा चॅटबॉट नक्की कुणाचा, यावर तर माझ्यासमोरच दोन टेबलांत जुंपली. शहराचं नाव घेत नाही. ज्यांनी कधी पालिकेच्या पायऱ्या चढल्यात त्यांना ते आपलंच वाटेल.

मी नगरनियोजन शिकले, पोटापाण्यासाठी नकाशांचं काम करते. नमुना म्हणून माझ्या डोळ्यांसमोर अ‍ॅमस्टरडॅम आणि हेलसिंकी होते. या दोन शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये आपापल्या एआय प्रणालींची नोंदवही सगळ्यांसाठी खुली केली. अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदवहीत सुरुवातीपासूनच पार्किंग तपासणीची नोंद आहे. कॅमेरे लावलेली गाडी रस्त्यानं फिरते, उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचते, पार्किंगचा हक्क आहे का ते राष्ट्रीय नोंदीत तपासते. हक्क दिसला नाही तर प्रकरण माणसाकडे जातं. प्लेट बरोबर वाचली गेली का, गाडी सामान चढवायला-उतरवायला थांबली होती का, हे तो निरीक्षक बघतो. कुठली माहिती कुठून येते, माणूस कुठे बसलाय, सगळं साध्या भाषेत.

डच लोक काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. सामाजिक भत्ता घेणाऱ्यांपैकी कुणाची चौकशी करायची हे ठरवणारा रॉटरडॅमचा अल्गोरिदम २०२१ मध्ये वापरातून गेला. त्याच्यावर ताशेरे ओढणाऱ्यांत त्या शहराचीच लेखापरीक्षण संस्था होती. बालसंगोपन भत्त्यात पालकांवर फसवणुकीचा चुकीचा ठपका ठेवल्याच्या प्रकरणात तर जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारनंच राजीनामा दिला. नोंदवही ठेवल्यानं शहर पवित्र होत नाही. चूक झाली की कुठल्या पानावर झाली ते सांगता येतं, एवढाच तिचा उपयोग, आणि मला तेवढाच हवा होता.

न्यूयॉर्कनं याआधीच, २०१८ मध्ये, कायदा करून एक समिती नेमली होती. शहराच्या खात्यांत कोणत्या आपोआप निर्णय घेणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्यांना जाब कसा विचारायचा, हे तिनं सांगायचं होतं. समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, पण तिच्या काही सदस्यांची जाहीर तक्रार अशी की शहरानं त्यांना प्रणालींची यादीच दिली नाही. खुद्द शहरानं नेमलेल्या तज्ज्ञांची ही गत, तर माहिती अधिकाराचं जोडपत्र अ भरून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवणाऱ्या माझं काय होणार, हे उघड होतं. म्हणून यादी मागायचा नाद सोडला आणि यादी जिथे आपसूक तयार होते तिथे गेले. पालिका जे मोठ्या रकमेचं विकत घेते त्याची बहुधा निविदा निघते. निविदा महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर येते. तिथे तिला लपता येत नाही.

ही वाट सुचायला पुन्हा अ‍ॅमस्टरडॅमच कारण. त्यांनी २०२० च्या सुमारास अल्गोरिदम विकत घेताना करारात घालायच्या प्रमाण अटी तयार केल्या होत्या. ठेकेदारानं काय उघड करायचं, कुणाला तपासू द्यायचं, निर्णयाचं स्पष्टीकरण कसं द्यायचं, हे सगळं करारात. वाचून झाल्यावर वाटलं, आपल्याकडेही कारभाराचा हा भाग करारातच लिहिलेला असणार; फक्त तो कुणी त्या नजरेनं वाचलेला नाही.

मग महाराष्ट्रातल्या काही महापालिकांच्या निविदा वाचायला घेतल्या. सीसीटीव्ही आणि नियंत्रण कक्ष, वाहतूक सिग्नल, मिळकतकराचं सर्वेक्षण, तक्रार निवारण. अशा निविदा जाडजूड असतात: पहिल्या खंडात बोलीदारांना सूचना, दुसऱ्यात कामाची व्याप्ती, तिसऱ्यात करारनाम्याचा मसुदा. एआय बहुधा दुसऱ्या खंडाच्या परिशिष्टात, तांत्रिक गरजांच्या तक्त्यात बसलेला असतो. डावीकडे गरज, उजवीकडे 'अनुपालन: होय किंवा नाही', बोलीदारानं टिक करायची. एका तक्त्यात खांबाची उंची, केबलची जाडी आणि यूपीएसचा बॅकअप यांच्या पाठोपाठ ओळ आली: प्रणालीला संशयास्पद घुटमळणं ओळखता आलं पाहिजे. त्यापुढची ओळ पुन्हा हार्ड डिस्कची.

त्या ओळीवर मी बराच वेळ अडून बसले. घुटमळणं म्हणजे किती मिनिटं? बसस्टॉपवर उभा असलेला माणूस घुटमळतोय का? मजूर अड्ड्यावर सकाळी कामाची वाट बघत उभी असलेली माणसं? निविदेत लिहिलंय की ही मर्यादा 'गरजेनुसार बदलता यावी'. कुणाच्या गरजेनुसार, ते लिहिलेलं नाही. प्रत्यक्षात ती मर्यादा नियंत्रण कक्षात खुर्चीवर बसलेला ठेकेदाराचा ऑपरेटर टाकतो. पाच मिनिटं टाकली तर एक शहर, पंधरा टाकली तर दुसरं. असला निर्णय महासभेत चर्चेला यायला हवा होता. तो केबलच्या जाडीशेजारी बसून मंजूर झाला.

इथून पुढे माझ्या संशोधनाचं सूत्र पक्कं झालं. आपल्या शहरांना एआय धोरण नाही असं म्हणतात, ते खरं नाही. धोरण आहे. ते निविदेत आहे, आणि ते बोलीदारांच्या सोयीनं लिहिलेलं आहे.

प्रत्येक प्रणालीमागे एक ओळ, असा तक्ता केला. काम काय, विभाग कोणता, माहितीची मालकी कुणाची, चित्रण किती दिवस ठेवायचं, अचूकता किती मागितली, ती कशी तपासायची, मध्ये माणूस आहे का, नागरिकानं तक्रार कुठे करायची, करार संपल्यावर शिकवून तयार झालेलं मॉडेल, म्हणजे प्रणालीचा शिकलेला मेंदू, कुणाकडे राहतं. मालकीचा आणि दिवसांचा रकाना बऱ्यापैकी भरला. अचूकतेच्या रकान्यात दिवसा अमुक टक्के, रात्री तमुक टक्के असे आकडेही मिळाले. तपासणीचा रकाना जवळपास कोरा. तक्रारीचा कोराच. मॉडेलचा विषय तर क्वचितच कुणी काढलेला.

आता खुल्या माहितीबद्दल. केंद्राचं माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ चं आहे. यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात माहिती द्यावी असं त्यात आहे. सरकारी माहितीसाठी वेगळा खुला परवानाही २०१७ मध्ये आला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर २००५ पासूनच सांगितलंय की लोकांनी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा. आणि हातात येतं काय? ठराव आधी छापायचा, सही-शिक्का मारायचा, मग तिरका स्कॅन करून पीडीएफ चढवायची. स्कॅन नसेल तर जुन्या फॉन्टातलं: पडद्यावर स्वच्छ मराठी, कॉपी करून चिकटवलं की नुसती किडामुंगी. युनिकोड येऊन जमाना झाला, तरी अंदाजपत्रकं अजून श्रीलिपी आणि योगेशमध्ये अडकलेली. यंत्राकडून वाचून घेतलं तर ते १ आणि ९ मध्ये गोंधळ करतं, त्यामुळे रकमा डोळ्यांनी पुन्हा तपासाव्या लागतात. माहिती अधिकार कायद्यात माहिती फ्लॉपीवर मागायची सोय आहे, हे वाचून मला हसू यायचं. आता वाटतं, फ्लॉपीवर एक्सेलची फाईल मिळाली असती तरी मी ती डोक्यावर घेऊन नाचले असते.

तक्ता तयार झाला, आता तो लोकांना द्यायचा होता. इथे मला वाटलं त्यापेक्षा जास्त विचार करावा लागला. निविदांच्या मूळ फायली जशाच्या तशा पुन्हा प्रसिद्ध करायच्या का? त्यांच्यावर कुठलाच परवाना लिहिलेला नसतो, आणि सरकारी कागद म्हणजे कॉपीराइटमुक्त असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. म्हणून मी फायली न देता त्यातून काढलेली तथ्यं, निविदा क्रमांक, दिनांक आणि पान क्रमांक दिले. ज्याला ताडून बघायचंय तो मूळ जागी जाऊ शकेल. माहिती अधिकारात मिळालेल्या प्रतींचा प्रश्न निराळा. ठेकेदाराच्या प्रस्तावात त्याच्या अभियंत्यांचे बायोडेटा जोडलेले असतात: जन्मतारीख, मोबाइल, पॅन, घरचा पत्ता. कार्यालयानं दोन रुपये पानाप्रमाणे झेरॉक्स काढून ते सगळं माझ्या हातात ठेवलं होतं. ज्या शहरात अल्गोरिदमची चाचणी व्यापारी गुपित आहे, तिथे बिचाऱ्या पोराची जन्मतारीख सार्वजनिक आहे!

ती पानं मी बाहेरच ठेवली, आणि जी द्यायची होती त्यांवरची नावं-नंबर काढून टाकले. हे करताना एक काळजी घ्यावी लागते. पीडीएफवर काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर तसाच राहतो, कुणीही तो निवडून कॉपी करू शकतो. त्यामुळे मजकूर खरोखर पुसायचा किंवा पानाचं चित्र करून ते द्यायचं. पुढे तक्ता झेनोडोवर ठेवला. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनं चालवलेलं हे भांडार फुकट आहे, कायमचा क्रमांक मिळतो, आणि नवी आवृत्ती चढवली तरी जुनी जागेवर राहते. श्रेय द्या आणि हवं ते करा, असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिला. रकान्यांचा अर्थ सांगणारी टीप मराठीत आणि इंग्रजीत लिहिली. मराठीतली लिहायला दुप्पट वेळ लागला, पण पुढे तीच कामाला आली.

पहिलं सादरीकरण एका परिषदेत, इंग्रजीतून. पंधरा मिनिटं, पाच मिनिटं प्रश्नोत्तरं, दोन प्रश्न, एक विधान, चहा. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

दुसरं एका जुन्या नगर वाचनालयात. श्रोते म्हणजे निवृत्त मंडळी, काही कॉलेजची मुलं, माहिती अधिकाराचे अर्ज करण्यात हयात घालवलेले दोन काका, आणि पाऊस आला म्हणून आत आलेले लोक. मी तेलंगणातल्या रेशनकार्डांपासून सुरुवात केली. तिथे २०१४ ते २०१९ या काळात १९ लाखांच्या आसपास कार्डं संगणकाच्या आधारे, घरी जाऊन न बघता रद्द झाली होती आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. रेशनकार्ड म्हटल्यावर सभागृह जागं झालं. मग मी नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर आले, अचूकतेचे टक्के दाखवले, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, हे टक्के कुठल्या प्लेटांवर काढले?"

विचारणाऱ्यांचं दुचाकीचं गॅरेज होतं. ते उभे राहिले आणि पुढची दहा मिनिटं व्याख्यान त्यांनीच दिलं. आपल्याकडे प्लेटा कसल्या असतात ते बघा, म्हणाले. '8055' चं इंग्रजी 'BOSS' केलेलं. आकडे वळवून 'दादा' आणि 'राज' केलेलं. मराठी आकड्यांतल्या. चिखलानं अर्ध्या झाकलेल्या. मागे उसाची मोळी बांधलेली. "कंपनीनं चाचणी नव्या प्लेटांवर घेतली असणार हो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट म्हणतात त्या. त्या तर माझी आजीपण वाचेल. चुकीचं चलन कुणाला जाणार? ज्याची प्लेट जुनी आहे त्याला. आणि जुनी प्लेट कुणाची असते?"

एवढ्या नेमक्या शब्दांत हा मुद्दा परिषदेत कुणी मांडला नव्हता. नमुना स्थानिक नसेल तर चूक गरिबाच्या वाट्याला जास्त येते, हे सांगायला तिकडे लोकांना आलेख लागतात. मी घरी येऊन तक्त्यात 'चाचणी कुठल्या नमुन्यावर' असा रकाना वाढवला.

त्याच सभेत एक बाई मिळकतकराची नोटीस घेऊन आल्या होत्या. घरपट्टी वाढली होती, कारण गच्चीवर बांधकाम दिसलं. ते होतं पावसाळ्यापुरतं टाकलेलं पत्र्याचं शेड. मी नोटीस उलटून पालटून पाहिली. कर आकारणीवर हरकत घ्यायची सोय महापालिका कायद्यात आहे, सुनावणी होते, हे नोटिशीत लिहिलेलं होतं. पण ही वाढ कुणी घरी येऊन मोजली की वरून काढलेल्या फोटोवरून ठरली, त्याचा अवाक्षरानं उल्लेख नव्हता. आता हरकतीत त्यांनी काय लिहावं? मोजमाप चुकलं की फोटोतलं शेड बांधकाम समजलं गेलं? काकांपैकी एकानं लगेच सल्ला दिला: "हरकतीत आधी फोटोच मागा, तारखेसकट." बाईंनी तसंच लिहून दिलं. माझ्या तक्त्यात 'तक्रारीची वाट' हा रकाना कोरा होता, कारण निविदेत ती नव्हती. वाट जुन्या कायद्यात होती, फक्त नोटिशीवर दोन शब्द कमी होते.

या काकांचं एक बोट धरूनच मी माहिती अधिकाराच्या पुढच्या पायरीवर गेले. कॅमेरा प्रणालीची स्वीकृती चाचणी झाली तेव्हा अचूकता किती आली, ती कशी मोजली, त्याची प्रत द्या, असा अर्ज केला होता. महाराष्ट्रात अर्ज साधारण दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे मुद्देसूद लिहायची सवय लागते. संशोधकांना हा नियम सक्तीचा करावा असं माझं मत आहे. उत्तर आलं, कलम ८(१)(घ) नुसार व्यापारी गुपित, देता येत नाही. काका म्हणाले, चाचणी पालिकेनं घेतली, पैसे पालिकेनं दिले, गुपित ठेकेदाराचं कसं? वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं. कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येतच करार, अहवाल, नमुने, मॉडेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री अशी नावं घेऊन सांगितली आहेत, ती ओळ अपिलात जशीच्या तशी उतरवली. सुनावणीत तोडगा निघाला: प्रत नको, अभिलेख पाहणी करा.

सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कार्यालयांत फायली बघायला मिळतात, ही सोय बऱ्याच लोकांना माहीत नसते. अर्ज न करता जाता येतं, हवी ती पानं टिपून घ्यायची. कारकुनानं फाईल आणून दिली, पंखा लावला, "मॅडम, खुणेच्या चिठ्ठ्या काढू नका" म्हणाला. नस्तीत वरून खाली: कार्यादेश, बँक हमी, बिलं, मुदतवाढीचे दोन प्रस्ताव, आणि ती स्वीकृती चाचणी. चाचणी एका पानाची होती. कॅमेरे इतके बसवले, इतके चालू आढळले, जोडणी व्यवस्थित, चित्र स्पष्ट, शेरा 'चाचणी समाधानकारक', खाली तीन सह्या. निविदेत मागितलेल्या टक्क्यांचा त्या पानावर पत्ता नव्हता. ज्या गुपितासाठी अपिलापर्यंत जावं लागलं ते गुपित असं होतं की मोजलंच नव्हतं.

त्या सह्यांबद्दल एक गोष्ट. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) पूर्वी असं होतं की वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हित बघावं लागे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यानं केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला आणि त्या कलमातली ती अटच गेली. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, पण ती आठवण करून द्यायला अपिलात जावं लागणार. अभियंत्याची जन्मतारीख झाकायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. 'समाधानकारक' लिहून खाली सही करणाऱ्याचं नाव झाकलं गेलं, तर मात्र आपण काय खुलं करतोय तेच कळेनासं होईल.

शेवटी पालिकेत सादरीकरणाची वेळ मिळाली. इथे मी मुद्दाम ठरवून गेले होते की दोषारोप करायचे नाहीत. उपअभियंता दर्जाचे एक साहेब शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मॅडम, अहवाल चांगला आहे. पण अहवाल मी कुठे ठेवू? देखभालीची मुदत संपत आली आहे, नवी निविदा काढायची आहे. तुम्ही मला त्यात टाकायच्या चार ओळी द्या. मसुद्यात टाकतो, लेखा विभाग काय म्हणतो ते बघू."

इतक्या दिवसांत ऐकलेली सर्वांत उपयोगी सूचना हीच. अहवालाला टपालात जागा असते, निविदेतल्या ओळीला बिलात. ओळ पाळली नाही तर पैसे अडवता येतात. मी ओळी लिहायला बसले आणि पहिल्यांदा कळलं की 'पारदर्शकता असावी' हे वाक्य निविदेत काहीच करत नाही. कोण, कधी, कशावर, न केल्यास किती कपात, असं लिहावं लागतं. चाचणी याच शहरातल्या रस्त्यांवरच्या वाहनांच्या नमुन्यावर घ्यावी, दिवसा, रात्री आणि पावसात. त्याच ओळीत पुढे, निकाल पालिकेच्या संकेतस्थळावर तक्त्याच्या स्वरूपात टाकावा. इशारा देण्याच्या मर्यादा कुणी, कधी, कुणाच्या लेखी परवानगीनं बदलल्या याची नोंद राहावी. पालिकेच्या चित्रणावर शिकवलेलं मॉडेल करार संपताना पालिकेला मिळावं. प्रणालीच्या आधारे नोटीस निघाली तर तसं नोटिशीवर छापावं आणि सोबत फोटो द्यावा. गॅरेजवाल्यांची ओळ पहिली, बाईंची शेवटची.

लेखा विभागानं एकच विचारलं, "याचा दर काय धरायचा?" रास्त प्रश्न होता. पावसातली चाचणी फुकट होत नाही. ती दरपत्रकात वेगळी बाब म्हणून आली.

मसुदा निघाला तेव्हा चारांपैकी तीन ओळी त्यात होत्या. मॉडेलची आधीच गळली होती. मग निविदापूर्व बैठक झाली. या बैठकीत प्रश्न फक्त बोलीदार विचारू शकतात, नागरिक नाही, आणि मला विचाराल तर आपल्या स्थानिक कारभारातली ही सगळ्यांत मोठी फट आहे. प्रत्येक बोलीदाराच्या शंका तक्त्यात छापल्या जातात, समोर पालिकेचं उत्तर. एका कंपनीनं मर्यादांच्या नोंदीच्या अटीवर लिहिलं होतं, 'सदर अट वगळावी'. उत्तर: 'शुद्धिपत्रक पाहावे'. शुद्धिपत्रकात अट वगळलेली. म्हणजे घुटमळण्याची मिनिटं बदलली तरी ती कुणी बदलली ते कळणार नाही. चाचणीची आणि नोटिशीची ओळ मात्र टिकली. चाचणीच्या ओळीवरही शंका आली होती, तिला पालिकेनं 'निविदेप्रमाणे' एवढंच उत्तर दिलं. निविदांच्या भाषेत याहून कडक नकार नाही.

हे सगळं चाललं तेव्हा पालिकेत नगरसेवक नव्हते. २०२२ च्या आसपास मुदती संपल्या आणि पुढची काही वर्षं बहुतेक महापालिकांत प्रशासकच होते. स्थायी समितीचे ठराव प्रशासकाच्या सहीनं व्हायचे. कॅमेऱ्यांच्या अनेक निविदा याच काळातल्या. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्यावर मी तक्त्याची छापील प्रत घेऊन नव्या नगरसेवकांना भेटत सुटले. बहुतेकांनी फोटो काढून घेतला. एका बाईंनी मात्र तक्ता सगळा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे सगळं बरोबर आहे गं. पण माझ्या प्रभागातल्या खांबांवरचे कॅमेरे किती चालू आहेत आणि किती बंद, ते कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तो प्रश्न लेखी दिला आहे, उत्तर यायचंय. उत्तर पीडीएफमध्ये न देता एक्सेलमध्ये द्यावं, अशी विनंती मी त्यात शेवटी जोडून घेतली. झेनोडोवरच्या तक्त्याची पुढची आवृत्ती त्या उत्तरानंतर चढवेन. तोवर वाचनालयातले काका आणि मी प्रभागनिहाय खांब मोजतोय. गॅरेजवाले त्यांच्या बाजूचे मोजून देणार आहेत.